दोरी बळकट

तीन दिवस बूर्या सुटलाय.
विपावाच्या खोऱ्यात कौलांवर दगड का ठेवतात
ते अशा दिवसांत कळतं.
तळघरात येर्नेया कोबाल
दिवा खाली ओढते, चष्मा कपाळावरून नाकावर घेते
आणि बोगोमिरच्या पंखाची डावी तार
कापसाच्या बोळ्यातून सावकाश नेते.

बोगोमिर दारात, टोपी मुठीत, बोलणं चालू:
नवं इंजिन चौदा किलोनं जड आहे,
तार एक नंबर जाड घाल,
पैशाचं बघू नकोस.

ती बघत नाही, पैशाचंही नाही, त्याच्याकडेही नाही.
एकोणीस तंतूंचा पीळ तिच्या चिमटीतून सरकतो,
सरकतो,
आणि टोकाशी, तांब्याच्या नळीच्या बोटभर अलीकडे
कापूस अडतो.

"हा कधीचा?"
मला तर दिसला नाही, बोगोमिर म्हणतो.
"दिसत नसतो. म्हणून तर कापूस."

ब्लेडनं ती प्लॅस्टिकचं आवरण चिरते.
आत चहा सांडून वाळल्यासारखा डाग.
"पिरानला उडालास ना उन्हाळ्यात, समुद्रावर?"
एकदाच, तो म्हणतो. मग: तीनदा.

ती बोल्ट काढते, पुसते,
टेबलावरच्या काचेवर सोडून देते.
सरळ बोल्ट गुपचूप घरंगळतो.
हा टक, टक करत गेला
आणि कडेशी थांबला.
पट्टीचं भोक तिनं दिव्यासमोर धरलं:
गोल होतं एके काळी,
आता लिंबासारखं, ओढीच्या दिशेनं लांबट.

"जाड तार घालते. पण ती या बोल्टला दिली
तर तुटायची फक्त जागा बदलेल, बोगोमिर."

बोगोमिर पहिल्यांदाच गप्प.
छपरावर एक दगड जागचा हलतो, पुन्हा बसतो.

माणूस वाचला की आपण म्हणतो, त्याची दोरी बळकट.
इथल्या लोकांनीही असंच काहीसं म्हटलं होतं
तिचा भाऊ रादोवान लियाकच्या उतारावर
ओकच्या झाडात अडकून जगला तेव्हा.
मेणबत्त्या लावल्या, वाईन उघडली.
ती तेव्हा शिडी लावून झाडावर चढली होती
आणि काय तुटलं ते शोधून
रुमालात बांधून आणलं होतं.
अजून आहे खणात. करंगळीच्या नखाएवढा तुकडा.
रादोवान लंगडत येतो, खण उघडत नाही.

कामाला दीड दिवस लागला.
पट्ट्या नव्या, जाड, दोन्ही बाजूंना, दोन्ही सारख्या;
डाव्याला दिलं ते उजव्याला.
तारेच्या डोळ्यात स्टीलची खोबण बसवली, चेपू न देता.
नळी दाबायची ती आधी मध्ये, मग दोन्ही कडांना,
आणि मापाच्या फटीतून घालून बघायची.
पहिली गेली नाही. कापली.
दुसरी गेली, पण जरा कुरकुरत,
तिनं तीही कापली.
वाया गेलेल्या तारेकडे बोगोमिर असा बघत होता
जसं कोणी त्याच्या ताटातलं काढून घेतंय.

शेवटी दोन्ही तारा एकाच खिळ्याला टांगून,
खाली सारखं वजन बांधून,
तिनं नखानं छेडल्या.
डावी.
उजवी.
पुन्हा डावी.
मान हलवली. एवढंच.

चौथ्या दिवशी वारा पडला.
"जुनी तार दे," बोगोमिर म्हणाला,
"मांडवाला बांधतो. द्राक्षांना काय फरक पडतो?"

येर्नेयानं कातर उचलली
आणि त्याच्यादेखत तारेचे तुकडे केले,
वीतभर, वीतभर,
कशालाच पुरू नयेत एवढे.

"द्राक्षांखाली," ती म्हणाली,
"तुझी नात खेळते."